हेलियमचा अणू किती 'मऊ' असतो? निष्क्रिय वायूंची पोलरायझेबिलिटी कॉम्प्युटरवर कशी काढतात

२०१८ साली अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधे नवीन एमआरआय मशीन बसवताना हेलियम गळला आणि तिथल्या स्टाफचे डझनावारी आयफोन आणि अ‍ॅपल वॉच एकदम बंद पडले. अँड्रॉइडवाले मात्र मजेत होते. नंतर कारण सापडलं. त्या फोनांमधे वेळ मोजणारा एक बारीकसा सिलिकॉनचा कंपक असतो. तो निर्वात डबीत बंद असतो, आणि हेलियमचे अणू त्या डबीच्या आत शिरले होते. काही दिवसांनी हेलियम आपोआप बाहेर पडला आणि बरेच फोन पुन्हा चालू झाले.

हेलियम असा कुठेही घुसतो, कारण त्याचा अणू फार लहान असतो आणि आजूबाजूच्या कुठल्याच गोष्टीला तो धड चिकटत नाही. आता 'लहान' आणि 'चिकटत नाही' हे शब्द झाले. शास्त्रज्ञांना आकडा लागतो. तो आकडा म्हणजे पोलरायझेबिलिटी, मराठीत ध्रुवणक्षमता. हेलियमसाठी तो आज इतक्या अचूकपणे माहीत आहे की त्याच्या जोरावर तापमान आणि दाब मोजतात. आणि गंमत अशी की हा आकडा प्रयोगशाळेत मोजून नाही, तर कागदावर आणि कॉम्प्युटरवर गणित करून मिळवलेला आहे.

हे गणित कसं होतं, कुठे फसतं, आणि तुम्हाला फोनवरून ते करून बघता येईल का, ते या लेखात बघू.

आधी पोलरायझेबिलिटी म्हणजे काय ते

अणूच्या मधोमध धन भाराचं केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉनांचा ऋण ढग. निष्क्रिय वायूंच्या अणूत हा ढग अगदी गोल असतो, त्यामुळे बाहेरून बघितलं तर अणू कुठल्याच बाजूला झुकलेला नसतो. आता बाहेरून विद्युत क्षेत्र लावलं की केंद्रक एकीकडे ओढलं जातं, ढग दुसरीकडे. दोघांमधे किंचित अंतर पडतं आणि अणूला दोन टोकं येतात, एक जरासं धन आणि एक जरासं ऋण. याला डायपोल म्हणतात.

क्षेत्र दुप्पट केलं तर डायपोल दुप्पट. म्हणजे डायपोल = अल्फा × क्षेत्र. हा जो अल्फा आहे तीच पोलरायझेबिलिटी. ज्याचा अल्फा मोठा, त्याचा ढग मऊ, सहज वाकणारा. ज्याचा लहान, त्याचा ढग कडक.

हे सरकणं किती बारीक असतं त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. एवढ्या क्षेत्रात हेलियमचा अणू ठेवला तर त्याचा प्रत्येक इलेक्ट्रॉन सरासरीने सुमारे ०.२ फेम्टोमीटर सरकतो. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे. म्हणजे ढग सरकला तो प्रोटॉनच्या त्रिज्येच्या पाव भाग! आणि तरीही वायूत असे अणू अब्जावधी असल्यामुळे त्याचा एकत्र परिणाम मोजता येतो.

अल्फाचं एकक जरा विचित्र वाटेल. अणूंच्या जगात अंतर मोजायला 'बोर' वापरतात (१ बोर म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉम) आणि अल्फाचं एकक निघतं बोरचा घन. घन म्हणजे आकारमान! हे उगाच नाही. धातूच्या गोळ्याचा अल्फा त्याच्या त्रिज्येच्या घनाइतका असतो. त्या हिशोबाने हेलियम म्हणजे साधारण ०.५९ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा आणि झेनॉन म्हणजे १.५९ अँगस्ट्रॉमचा.

प्रत्यक्षातले आकडे असे आहेत (सगळे बोरच्या घनात): हेलियम १.३८४, निऑन २.६६१, अरगॉन ११.०८, क्रिप्टॉन १६.७८, झेनॉन २७.३२. रेडॉन साधारण ३५.

आता हे आकडे आणि उत्कलनांक शेजारी ठेवून बघा. हेलियम ४.२ केल्विनला उकळतो, निऑन २७ला, अरगॉन ८७ला, क्रिप्टॉन १२०ला, झेनॉन १६५ला. अल्फा वाढला की उत्कलनांक वाढला. हा योगायोग नाही. दोन अणू जवळ आले की एकाच्या ढगातल्या क्षणिक हालचालीमुळे दुसऱ्याचा ढग वाकतो आणि त्यांच्यात हलकीशी ओढ तयार होते. फ्रिट्झ लंडनने १९३० साली याचं साधं सूत्र दिलं: दोन सारख्या अणूंमधली ओढ अल्फाच्या वर्गावर आणि इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेवर ठरते. हेलियमसाठी या सूत्रातून त्या ओढीचा गुणांक १.३० येतो, खरा आहे १.४६. अरगॉनसाठी ५३ येतो, खरा ६४. एका ओळीच्या सूत्राकडून यापेक्षा जास्त काय अपेक्षा करणार!

प्रकाश विखुरण्याचंही तसंच. विखुरणं अल्फाच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून सारख्याच संख्येने अणू घेतले तर झेनॉन हेलियमपेक्षा सुमारे ३९० पट जास्त प्रकाश विखुरतो. झेनॉन भूल द्यायला वापरता येतो आणि हेलियम येत नाही, यामागेही त्याचा हा मऊ ढग आहे. मऊ ढगामुळे तो शरीरातल्या चरबीसारख्या पदार्थांत चांगला विरघळतो.

हेलियम आणि विजयदुर्ग: एक छोटं विषयांतर

हेलियमचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी विजयदुर्गाचं नाव काढतंच. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून इथेच हेलियम सापडला असं सांगतात. कागदोपत्री गोष्ट जरा वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी निरीक्षणं घेतली ती आंध्रमधल्या गुंटूरला. नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमधे इंग्लंडमधून बघितली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांच्या. ओटे बघायला जरूर जा, किल्ला भारीच आहे.

गणित नेमकं कशाचं करायचं?

अणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते श्रोडिंगरच्या १९२६ सालच्या समीकरणातून कळतं. हायड्रोजनमधे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे ते समीकरण पूर्णपणे सुटतं आणि अल्फा येतो बरोब्बर ४.५. दशांशाच्या पुढे काही नाही, नेमका साडेचार. हा आकडा लक्षात ठेवा. कुठलाही प्रोग्राम नीट चालतोय का ते तपासायला हायड्रोजन हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हेलियममधे दोन इलेक्ट्रॉन आले आणि गाडी अडली. ते एकमेकांना ढकलतात, त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याच्या जागेवर अवलंबून. असं समीकरण सूत्राने सुटत नाही, जवळपासचं उत्तर काढावं लागतं. क्वांटम केमिस्ट्री म्हणजे असं जवळपासचं उत्तर हळूहळू खऱ्याच्या जवळ नेण्याची कला.

पहिली पायरी हार्ट्री-फॉक. यात असं धरतात की प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा एक सरासरी ढग जाणवतो. लोकलच्या गर्दीत तुम्ही प्रत्येक माणसाकडे बघून सरकत नाही, एकूण गर्दीचा अंदाज घेऊन उभे राहता, तसं. गणित सोपं होतं. पण खरे इलेक्ट्रॉन एकमेकांना बघून बाजूला होतात, ते यात सुटतं.

आता अल्फा काढायचा कसा? सर्वांत सरळ पद्धत म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अणूला खरोखरच विद्युत क्षेत्र लावायचं आणि त्याची ऊर्जा किती कमी झाली ते बघायचं. ऊर्जा कमी होते ती अर्धा × अल्फा × क्षेत्राचा वर्ग इतकी. म्हणून तीनदा हिशोब करायचा: क्षेत्र नसताना, क्षेत्र एका बाजूला लावून आणि तेवढंच उलट बाजूला लावून. मग

अल्फा = −[ऊर्जा(+क्षेत्र) + ऊर्जा(−क्षेत्र) − २ × ऊर्जा(शून्य)] ÷ क्षेत्राचा वर्ग

हेलियमसाठी हार्ट्री-फॉकची सर्वोत्तम ऊर्जा आहे −२.८६१६८००. क्षेत्र ०.०१ लावलं की ती होते −२.८६१७४६१. अणू गोल असल्यामुळे उलट बाजूलाही हाच आकडा. फरक ०.००००६६१. त्याची दुप्पट करून ०.०००१ ने भागा. उत्तर १.३२२. खरी किंमत १.३८४. म्हणजे पहिल्याच फटक्यात साडेचार टक्क्यांपर्यंत पोचलो. वाईट नाही!

(०.०१ हा आकडा छोटा दिसतो, पण अणूंच्या एककात १ म्हणजे मीटरमागे ५१४ अब्ज व्होल्ट. त्यामुळे ०.०१ म्हणजेसुद्धा मीटरमागे ५ अब्ज व्होल्ट. खऱ्या हेलियमच्या टाकीला असं काही करायला जाऊ नका.)

तीन जागा जिथे सगळे पडतात

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं की! प्रोग्राम घेतला, बटण दाबलं, आकडा आला. खरी मजा पुढे आहे, कारण या विषयात चुकीचा आकडा अगदी शांतपणे येतो. लाल रंगात एरर दिसत नाही, प्रोग्राम क्रॅश होत नाही. स्क्रीनवर दहा दशांशांपर्यंत छान छापलेला चुकीचा आकडा येतो.

सर्वांत मोठा खड्डा म्हणजे बेसिस सेट. कॉम्प्युटरला ढगाचा आकार 'कसाही' काढता येत नाही. त्याला आधीपासून काही ठरलेले आकार द्यावे लागतात आणि तो ते कमीजास्त प्रमाणात मिसळून ढग तयार करतो. रांगोळीच्या छाप्यांसारखं समजा. डब्यात जे छाप असतील त्यांचीच नक्षी निघणार. या छापांच्या संचाला बेसिस सेट म्हणतात.

शिकताना बहुतेकांना पहिला भेटतो तो एसटीओ-३जी नावाचा बेसिस, कारण तो सर्वांत छोटा आणि वेगवान. त्याने हेलियमचा अल्फा काढा. उत्तर येईल शून्य. निऑनचा काढा, शून्य. अरगॉन, शून्य. क्रिप्टॉन, शून्य. गोल गोल शून्य, कितीही दशांशांपर्यंत!

असं का? हेलियमसाठी या बेसिसमधे एकच छाप आहे, तोही गोल. गोल छाप घेऊन बाजूला झुकलेला ढग काढणार कसा? निऑनमधे तर पाच छाप आहेत, त्यात डंबेलच्या आकाराचेही आहेत, पण दहा इलेक्ट्रॉनांनी ते पाचही भरून टाकले आहेत. एका छापात दोन इलेक्ट्रॉन बसतात, म्हणजे घर फुल्ल. ढगाला सरकायला रिकामी खोलीच नाही. अरगॉनमधे नऊ छाप आणि अठरा इलेक्ट्रॉन, तीच कथा. बेसिसने अणूला हलायची परवानगीच दिली नाही आणि कॉम्प्युटर म्हणतो, 'हा अणू पूर्ण कडक आहे.' तो खोटं बोलत नाही. तुम्ही दिलेल्या जगात तेच खरं आहे.

मोठा बेसिस घेतला तरी काम होतंच असं नाही, योग्य जातीचे छाप लागतात. नेहमीचे बेसिस ऊर्जा चांगली यावी म्हणून बनवलेले असतात आणि ऊर्जेचा बहुतेक भाग केंद्रकाजवळ असतो. अल्फा मात्र ढगाच्या बाहेरच्या, विरळ काठावर ठरतो. केंद्रकापासून लांबचा इलेक्ट्रॉन सैल असतो, तोच आधी सरकतो. हायड्रोजनचं उदाहरण बघा: त्याच्या ४.५ मधला जवळपास पाचवा हिस्सा अशा अवस्थांमधून येतो ज्यात इलेक्ट्रॉन अणूला बांधलेलाच नसतो! म्हणून खूप पसरट छाप वेगळे घालावे लागतात. ज्या बेसिसच्या नावापुढे 'ऑग' लागतं (उदाहरणार्थ ऑग-सीसी-पीव्हीटीझी), त्यात हे पसरट छाप असतात. 'ऑग'शिवाय निष्क्रिय वायूचा अल्फा काढणं म्हणजे कपडे शिवताना फक्त कंबरेचं माप घेणं. मी तर म्हणेन, एखाद्या आकड्याशेजारी बेसिसचं नाव लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचूच नका.

दुसरा खड्डा क्षेत्र किती लावायचं याचा. खूप छोटं, समजा ०.००१ लावलं, तर हेलियमच्या ऊर्जेतला बदल फक्त ०.००००००६६ येतो. तुमचा प्रोग्राम ऊर्जा दहा लाखाव्या भागापर्यंतच जुळवून थांबत असेल तर हा बदल त्याच्या चुकीत बुडून जातो आणि अल्फा काहीही येऊ शकतो, अगदी ऋणसुद्धा. म्हणून जुळणीची मर्यादा खूप कडक ठेवावी लागते, दशांशानंतर निदान दहा घरं. उलट क्षेत्र खूप मोठं लावलं तर 'डायपोल = अल्फा × क्षेत्र' हा सरळ नियमच मोडतो, ढग वेगळ्याच पद्धतीने वाकायला लागतो, आणि पसरट छाप असतील तर इलेक्ट्रॉन अणू सोडून पळायला बघतो. हेलियम कडक आहे म्हणून ०.०१ ला ही चूक शेकडा ०.०३च्या आसपास राहते. झेनॉनला इतकं क्षेत्र सोसणार नाही, तिथे कमी घ्यावं लागतं. अनुभवी लोक दोनतीन वेगवेगळी क्षेत्रं लावून उत्तर स्थिर राहतं का ते बघतात. (क्षेत्र न लावता थेट सूत्राने अल्फा काढायच्या पद्धतीही आहेत आणि बहुतेक प्रोग्रामांत त्या तयार मिळतात. पण क्षेत्र लावून केलेलं गणित डोळ्यांना दिसतं, म्हणून शिकायला ते बरं.)

तिसरा खड्डा हार्ट्री-फॉकचाच, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना टाळणं. ते सोडून दिलं की किती फरक पडतो बघा. हेलियम १.३२२, खरा १.३८४. निऑन २.३७७, खरा २.६६१. अरगॉन १०.७६, खरा ११.०८. क्रिप्टॉन १६.४७, खरा १६.७८.

यात निऑन वेगळा पडतो. मोठ्या अणूत जास्त इलेक्ट्रॉन, म्हणजे चूक वाढत जाईल असं वाटतं. पण क्रिप्टॉनमधे चूक दोन टक्क्यांच्या आत आणि बिचाऱ्या निऑनमधे जवळपास अकरा टक्के! निऑनचे बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन फार छोट्या जागेत कोंबलेले असतात, त्यामुळे त्यांचं एकमेकांना टाळणं तिथे जास्त महत्त्वाचं ठरतं. नवीन पद्धत तपासायची असेल तर निऑनवर तपासा असं म्हणतात ते म्हणूनच.

यावर उपाय म्हणजे कपल्ड क्लस्टर. त्यातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत सीसीएसडी(टी). मोठा 'ऑग' बेसिस घेऊन ती वापरली की निऑन २.६६च्या आसपास येतो आणि अरगॉन ११.१च्या जवळ. किंमत मात्र मोजावी लागते. हिशोबाचा आकार दुप्पट केला तर वेळ दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८ पट होतो. मिनिटाचं काम दोन तासांवर जातं.

मग लोक स्वस्तातला मार्ग शोधतात, तो डीएफटी. मोठ्या रेणूंसाठी डीएफटीला पर्याय नाही, हे मान्य. पण तिच्या सर्वांत साध्या रूपात, एलडीएमधे, हेलियमचा अल्फा येतो सुमारे १.६६ आणि निऑनचा सुमारे ३.०५. खऱ्यापेक्षा खूप जास्त. कारण या पद्धतीत लांबच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची ओढ जितकी जाणवायला हवी तितकी जाणवत नाही, त्यामुळे ढग उगाच सैल होतो. हार्ट्री-फॉक अणूला जास्त कडक दाखवतो, एलडीए जास्त मऊ.

जड अणूंमधे आइन्स्टाइनही लागतो

झेनॉनच्या पुढे केंद्रकाचा भार इतका असतो की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्श्याने फिरतात, त्यामुळे सापेक्षता गणितात घ्यावीच लागते. रेडॉन किरणोत्सारी आहे, त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुकाल ३.८ दिवस. अशा वायूवर अचूक प्रयोग करणं कठीण, म्हणून त्याचा ३५ हा आकडा गणितातूनच घेतात. त्याखालचा ओगानेसॉन तर मोजके अणू बनवून बघितलेला आणि मिलिसेकंदात नाहीसा होणारा. त्याचा अल्फा गणिताने सुमारे ५८ येतो. एवढ्या मऊ ढगाचे अणू एकमेकांना घट्ट धरतील, आणि हिशोब सांगतात की पुरेसा साठवता आला असता तर तो खोलीच्या तापमानाला वायू नाही, घन असता. 'निष्क्रिय वायू'च्या रांगेतला घन पदार्थ!

हेलियमचा आकडा इतका महत्त्वाचा का?

वायूत अणू जितके जास्त तितका त्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक निर्वातापेक्षा जास्त. एका अणूचा अल्फा माहीत असेल, तर कपॅसिटरमधे वायू भरून त्याची क्षमता किती वाढली ते मोजायचं आणि घनसेंटिमीटरमधे किती अणू आहेत ते काढायचं. तापमान माहीत असेल तर त्यावरून दाब मिळतो, दाब माहीत असेल तर तापमान. तुमच्या फोनची टचस्क्रीनही बोट टेकल्यावर कपॅसिटरची क्षमता बदलते हेच ओळखते, फक्त इथे बोटाऐवजी हेलियम आहे.

अडचण एवढीच की शून्य अंश सेल्सियसला आणि साध्या हवेच्या दाबाला हेलियमचा डायलेक्ट्रिक स्थिरांक असतो १.००००६९. सगळी माहिती त्या एकानंतरच्या ०.००००६९ मधे! मोजायला अवघड. पण हेलियममधे दोनच इलेक्ट्रॉन, त्यामुळे गणित मात्र कमालीचं अचूक करता येतं. नॉर्वेच्या एगिल हिलेरासने १९२९ सालीच दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतर थेट समीकरणात घालून हा रस्ता दाखवला होता. आज त्या वाटेने जाऊन एकेक बारकावा जोडतात. केंद्रक जागेवर स्थिर आहे असं धरलं तर १.३८३१९. केंद्रकही थोडं हलतं हे धरलं की १.३८३८१. सापेक्षतेमुळे सुमारे ०.००००८ कमी होतात, क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्समुळे सुमारे ०.००००३ वाढतात. शेवटी हातात येतो १.३८३७६, आणि पुढची घरंही माहीत आहेत.

जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेने याच आकड्याच्या आधारावर हेलियम भरलेल्या कपॅसिटरने बोल्ट्झमन स्थिरांक मोजला, साधारण दहा लाखात दोन इतक्या चुकीच्या आत. २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या याच स्थिरांकावर बांधली गेली, तेव्हा विचारात घेतलेल्या मोजणींत हीसुद्धा होती. अरगॉन आणि निऑनचे अचूक आकडेही पुढे हेलियमशी तुलना करूनच मिळाले. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेत दाब मोजायला तीन मीटर उंच पाऱ्याचा स्तंभ होता. पारा विषारी, म्हणून आता लेझर वापरून वायूचा अपवर्तनांक मोजायचा आणि त्यावरून दाब काढायचा अशी उपकरणं तिथे विकसित केली आहेत. तिथेही मूळ आधार हेलियमचा अल्फा. फक्त लेझर म्हणजे बदलतं क्षेत्र, त्यामुळे अल्फा किंचित वाढतो. ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरला ही वाढ साधारण ०.६ टक्के येते, आणि तीही गणितातूनच.

म्हणजे पुढच्या पिढीच्या दाबमापकाची खरी पट्टी एका समीकरणात आहे. ते समीकरण पाचव्या दशांशात चुकलं तर त्यावर लावलेली उपकरणंही तितकीच चुकणार.

फोनवर करून बघायचं असेल तर

फोनच्या प्रोसेसरवर काही इन्स्टॉल करायची गरज नाही. ब्राउझरमधे गूगल कोलॅब उघडा, 'डेस्कटॉप साइट' चालू करा म्हणजे बटणं नीट दिसतील. तिथे पायथन चालतं. पायएससीएफ नावाची मोफत, ओपन सोर्स लायब्ररी पिप कमांडने टाका.

मग क्रम असा. हेलियमचा अणू मूळबिंदूवर ठेवा आणि बेसिस ऑग-सीसी-पीव्हीटीझी घ्या. लायब्ररीकडून डायपोलचे इंटिग्रल मागा (तीन दिशांचे तीन मॅट्रिक्स मिळतात, त्यातला झेड दिशेचा घ्या). त्याला क्षेत्राने गुणून अणूच्या मूळ एक-इलेक्ट्रॉन मॅट्रिक्समधे मिळवा. हार्ट्री-फॉक चालवा, जुळणीची मर्यादा दशांशानंतर बारा घरांपर्यंत न्या, आणि ऊर्जा लिहून ठेवा. क्षेत्र शून्य, +०.०१ आणि −०.०१ अशा तीन ऊर्जा मिळाल्या की वरच्या सूत्रात टाका. काही सेकंदांचं काम आहे.

+ आणि − क्षेत्राच्या ऊर्जा सारख्याच आल्या पाहिजेत. नसतील तर अणू मूळबिंदूवर नाही, किंवा मॅट्रिक्स मिळवताना काहीतरी गडबड झाली. उत्तर १.३च्या आसपास आलं की बेसिस बदलून एसटीओ-३जी टाका आणि ते शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नंतर 'ऑग' काढून तेच पुन्हा. मग निऑन घ्या. हार्ट्री-फॉकनंतर त्याच क्षेत्रासकट सीसीएसडी(टी) चालवता येतं आणि २.४च्या खालचा आकडा वर सरकताना दिसतो. तो २.६६ला पोचवायचा असेल तर पसरट छाप आणखी वाढवावे लागतील, आणि कोलॅबचं मोफत सेशन तेव्हा हळू वाटायला लागेल. झेनॉन आणि त्यापुढचे अणू तिथे करत बसू नका. त्यांना सापेक्षतेचे वेगळे पर्याय निवडावे लागतात आणि ते न निवडता आलेला आकडा दिसायला अगदी बरोबर दिसतो.